कामाचे ओझे आणि हास्याचा विवेक

श्रीसमर्थांनी दासबोधाच्या सातव्या दशकात, श्रवण कशाचे करावे हे सांगताना, विनोदाची आवड टवाळांच्या पदरी टाकली आहे. हे वचन आपल्याकडील वडील मंडळींच्या तोंडी नित्य असते. घरातील एखादा तरुण रात्री जेवावयास बसला आणि दिवसभराच्या कामातील गमती सांगून हसू लागला, की ते वचन त्याच्यावर रोखले जाते. मुलगा गप्प होतो, पानावरून उठतो आणि त्याच्या मनातील दिवसभराची खळबळ मनातच राहते. वडिलांचा हेतू वाईट नसतो. कष्टाच्या कामाची थट्टा करणे म्हणजे अन्न देणाऱ्या लक्ष्मीची थट्टा करणे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. परंतु ही समजूत योग्य आहे काय? जो मनुष्य रोज दहा-बारा तास दुसऱ्याच्या घड्याळावर राबतो, त्याने आपल्या कष्टांकडे पाहून हसावे हा उथळपणा, की मनाचे आरोग्य राखण्याचा एक धर्म्य उपाय? ह्या प्रश्नाचा यथामती विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

प्रथम समर्थांचेच म्हणणे नीट पाहिले पाहिजे. त्या समासात साधकाने कोणता ग्रंथ ऐकावा हा विषय चालू आहे. ज्याचा जसा स्वभाव तशी त्याची आवड, असे सांगून परमार्थ साधू इच्छिणाऱ्याने करमणुकीच्या मागे लागू नये, अध्यात्मश्रवण करावे, असा तेथील उपदेश आहे. दिवसभर श्रमलेल्या माणसाने हसूच नये असे त्यांनी तेथे म्हटलेले नाही. उलट, ज्या दासबोधात हे वचन आहे त्याच दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची व पढतमूर्खाची लक्षणे सांगितली आहेत. ती वाचताना ज्याच्या ओठांवर स्मित उमटत नाही असा वाचक विरळा. आणि ते स्मित बहुधा स्वतःकडे पाहूनच उमटते, कारण त्या यादीत आपले एखादे तरी लक्षण सापडतेच. तात्पर्य, समर्थांनी ज्याचा निषेध केला तो विनोद निराळा आणि ज्याचा उपयोग केला तो निराळा. ह्या दोहोंतील भेद कळणे हाच विवेक होय.

आता आपल्या सुरतेकडे पाहू. ह्या नगरीत मराठी कुटुंबे अनेक निमित्तांनी येऊन राहिली. कोणी रेल्वेत, बँकेत, शाळेत किंवा हजिऱ्याच्या मोठ्या कारखान्यांत नोकरीला आले. आणि धुळे, नंदुरबार, जळगाव ह्या खानदेशी भागांतून तर हजारो कुटुंबे यंत्रमागांच्या आणि कापडबाजाराच्या आधाराने उधना, लिंबायत, डिंडोली ह्या वस्त्यांत स्थिरावली. येथील कामाचे स्वरूप बाहेरच्या मनुष्यास सहज कळण्यासारखे नाही. मागाच्या खात्यात बारा-बारा तासांची पाळी असते आणि यंत्रांचा आवाज असा की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही; कारागीर ओठांच्या हालचालीवरून व हातांच्या खुणांवरून एकमेकांशी बोलतात. हिऱ्याच्या कारखान्यात एका घंटीभोवती बहुधा चौघे कारागीर बसतात आणि फिरत्या सरणीवर डोळ्यांत तेल घालून पैलू पाडतात. हात किंचित चुकला तर मालाचे नुकसान, आणि मालाचे नुकसान म्हणजे मजुरीवर गदा. खात्यात मजुरी मीटरवर, हिऱ्यात नगावर. म्हणजे ज्या दिवशी हात चालत नाही त्या दिवशी घरात काही येत नाही. कापडबाजारातील मेहताजीची यातना आणखी वेगळी. त्याचे हात मोकळे असतात, पण डोक्यात परगावच्या उधारीचे आकडे फिरत असतात आणि दिवाळीपूर्वी वह्या मिटविताना शेठचा एक व्यापाऱ्याचा एक असे दोन्हीकडचे शब्द त्यालाच ऐकून घ्यावे लागतात. कचेरीतील नोकराच्या वाट्याला वरिष्ठांची मर्जी, बदलीची भीती आणि हल्लीच्या दिवसांत रात्री घरी आल्यावरही खिशात वाजणारा फोन आहे.

ह्या सर्वांच्या मनावर जो भार पडतो त्याला आपण ताण म्हणतो. हा शब्द योग्य आहे. मागावरील ताण्याचा धागा जसा दोन्ही बाजूंनी ओढलेला असतो, तसे हे मन कर्तव्य आणि शक्ती ह्यांच्यामध्ये ओढलेले असते. धागा मुळीच ताणला नाही तर कापड विणले जात नाही, आणि प्रमाणाबाहेर ताणला तर तो तुटतो. म्हणून ताण नाहीसा करणे हे कोणाच्याच हाती नसले, तरी तो तुटण्याइतका वाढू न देणे हे पुष्कळ अंशी माणसाच्या हाती असते. हास्याचे स्थान येथे आहे.

आपल्या शास्त्रकारांनी हास्याचा विचार किती बारकाईने केला आहे हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्यरसाची देवता प्रमथ, म्हणजे शिवाचे गण, असल्याचे सांगून त्याचा वर्ण श्वेत मानला आहे. हसण्याच्या त्यांनी सहा पायऱ्या केल्या आहेत. स्मित व हसित ही उत्तम प्रकृतीच्या माणसांची. विहसित व उपहसित ही मध्यमांची. अपहसित व अतिहसित ही अधमांची. ज्यात दात दिसत नाहीत, गाल केवळ किंचित फुलतात, ते स्मित सर्वांत वरचे. आणि नको त्या ठिकाणी, खांदे व मस्तक हलवीत केलेले हसणे खालच्या पायरीवरचे. शिवाय हास्य आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकारचे असते, म्हणजे मनुष्य स्वतः हसतो किंवा दुसऱ्यास हसवितो, हेही त्यांनी सांगून ठेवले आहे. हसावे की न हसावे, असा प्रश्नच त्यांनी उपस्थित केला नाही. कोण, कोठे आणि किती हसतो, हे पाहावयास त्यांनी शिकविले.

ह्या दृष्टीने महाभारतातील दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला मयसभेतला. राजसूय यज्ञानंतर दुर्योधन त्या अद्भुत सभेत हिंडत असता जमीन समजून पाण्यात पडला. सभापर्वात तेथे भीम व सेवक हसल्याचे सांगितले आहे; आणि पुढे पित्याजवळ गाऱ्हाणे करताना दुर्योधन द्रौपदीचे व इतर स्त्रियांचेही नाव घेतो. कोण किती हसले हा वाद सोडून देऊ; परंतु पडलेल्या माणसाला हसल्याचे शल्य त्याच्या काळजात रुतले आणि द्यूताच्या अनर्थाला जी कारणे झाली त्यांत हेही एक झाले. दुसरा प्रसंग कुरुक्षेत्रावरचा. अर्जुनाचे गात्र गळाले आहे, धनुष्य हातातून सुटत आहे, आपले नेमून दिलेले काम आपल्याच्याने होणार नाही असे म्हणून तो रथात बसला आहे. कर्तव्याच्या भाराखाली माणूस कसा मोडतो ह्याचे ह्याहून स्पष्ट वर्णन अन्यत्र क्वचितच मिळेल. अशा वेळी दोन्ही सैन्यांच्या मध्ये भगवंत बोलू लागतात, आणि व्यासांनी तेथे एक लहानसे विशेषण घातले आहे : ते जणू हसत बोलले. हे हास्य अर्जुनाला हिणविणारे नव्हते. टीकाकारांनी त्याचे अर्थ निरनिराळे केले आहेत. आम्हांस एवढेच दिसते की, ज्याला सारे जग काळोखे दिसत होते त्याच्यासमोर निदान एक मुख तरी प्रसन्न होते, आणि त्या प्रसन्नतेने त्याला ऐकण्याची शक्ती दिली.

परंतु येथेच एक गोष्ट लक्षात ठेवावयाची आहे. भगवंत हसले आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी पुढे त्याचे सर्व प्रश्न ऐकून घेतले, शंकांची उत्तरे दिली आणि शेवटी त्याला उभे केले. मयसभेतील हास्य पडलेल्यास पडलेलाच ठेवून निघून गेले. रथावरील हास्य पडलेल्याच्या शेजारी थांबले. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या थट्टेची परीक्षा करण्यास ह्याहून चांगली कसोटी आम्हांस ठाऊक नाही.

आमच्या संतांत ह्या विद्येचे आचार्य म्हणजे पैठणचे श्रीएकनाथ महाराज. पुष्कळांना त्यांची भारुडे केवळ नाच-सोंगांसाठी ठाऊक असतात. परंतु नाथांना दप्तराचे काम प्रत्यक्ष करावे लागले होते. दौलताबादेच्या किल्ल्यावर गुरू जनार्दनस्वामींच्या सेवेत असता हिशेबात एका पैची चूक राहिली, ती शोधण्यासाठी नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली, ही कथा आपल्याकडे लहानथोरांस माहीत आहे. स्वामींनी त्यावर, एवढीच तन्मयता परमेश्वराकडे लागली तर काय होईल, असा बोध केला असे परंपरा सांगते. कथेतील हा बोध नेहमी सांगितला जातो. पण तिच्यातील टाळी मात्र आपण विसरतो. रात्रभराच्या शिणानंतर एका पैसाठी टाळी वाजवून हसणारा तरुण कारकून आमच्या कोणत्याही मेहताजीला आपला सखा वाटावा.

पुढे ह्याच दप्तराच्या भाषेचा नाथांनी जो उपयोग केला तो अपूर्व आहे. त्यांच्या भारुडांत अर्जदस्त आहे, ताकीदपत्र आहे, अभयपत्र आहे, जाबचिठ्ठी आहे. सरकारी कागदांचे हे सारे नमुने त्या काळच्या रयतेच्या उरात धडकी भरविणारे होते. नाथांनी अर्जदस्तात शरीराचा परगणा केला, जिवाला त्यावरील शेखदार आणि बुद्धीला कारकून नेमले. दंभ, काम, क्रोध व ममता ह्यांना तेथील शेटे, महाजन, नाईकवाडी आणि देशपांडीण अशी पदे बहाल केली. ही वतनदार मंडळी दांडगाई करतात आणि परगण्याचा कारभार चालू देत नाहीत, म्हणून बिचारा अंमलदार धन्याकडे अर्ज करतो. चारशे वर्षांपूर्वी कचेरीतील पत्रापत्रीची ही थट्टा कीर्तनाच्या रंगात उभी राहिली असेल तेव्हा समोर बसलेल्या कुळकर्ण्यापासून पाटलापर्यंत सर्वांना काय वाटले असेल, ह्याची कल्पना करावी. ज्या कागदाचे भय वाटत होते त्याचेच सोंग पाहून ते हसले असतील. आणि हसता हसता खरा दांडगा वतनदार आपल्याच अंगात बसला आहे हे त्यांना उमगले असेल. विनोद भयाचे ओझे हलके करतो आणि बोट स्वतःकडे वळवितो, ही दोन्ही कामे तेथे एकाच वेळी झाली.

नाथांची ही परंपरा आमच्या बायकांनी तर पिढ्यान्पिढ्या चालविली. पहाटे जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या आणि आश्विनातील भोंडल्याची गाणी आठवून पाहावीत. सासू, जाऊ, नणंद, दीर, न संपणारे घरकाम आणि न मिळणारी माहेरची रजा ह्यांवरील किती गोड तिरकसपणा त्यांत भरला आहे! जिला घरात वर मान करून बोलता येत नव्हते, ती हत्तीभोवती फेर धरून सर्वांच्या देखत बोलून घेत असे, आणि सासूही त्यात हसत असे. कामाच्या ताणावरचा हा आमच्या समाजातील फार जुना आणि सर्वांनी मान्य केलेला उपाय होता. आज सुरतेत घरी बसून साड्यांना खडे व लेस लावणाऱ्या, धागे कापणाऱ्या आमच्या भगिनी एकत्र जमून जेव्हा खिदळतात, तेव्हा त्यांच्या वेळेचा अपव्यय होतो असे म्हणणाऱ्याने ही परंपरा ध्यानी घ्यावी.

योगायोग असा की ज्या गुजराथच्या भूमीत आपण राहतो तिने मराठीला आणि गुजराथीला विनोदाचे मोठे धनी दिले आहेत. आपल्या शेजारच्या नवसारीस १८८५ साली राम गणेश गडकरी जन्मले. बाळकराम ह्या नावाने महाराष्ट्राला हसविणारा हा पुरुष क्षयाने खंगत अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, १९१९ साली गेला. आणि मृत्यू उंबरठ्यावर उभा असताना तो जे नाटक पुरे करीत होता ते ‘भावबंधन’, ज्यात हास्याचे झरे वाहत आहेत. बडोद्यास चिंतामण विनायक जोशी ह्यांनी महाविद्यालयात पाली भाषा शिकविली व संस्थानच्या दप्तराचेही काम पाहिले. धूळ खाल्लेल्या कागदांत आणि बौद्ध वाङ्मयाच्या गंभीर अभ्यासात आयुष्य घालविणाऱ्या ह्या पंडिताने मराठीला चिमणराव दिला. चिमणराव हा साधा कारकून. त्याची फजिती होते, बेत फसतात, साहेबापुढे त्याची बोबडी वळते. परंतु तो कोणाचा द्वेष करीत नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जातो. १९७७ च्या सुमारास तो दूरदर्शनवर अवतरला तेव्हा घराघरांतील कारकुनांना आपलेच चित्र पाहून हसू आले.

आणि खुद्द सुरतेचे म्हणाल, तर ज्योतीन्द्र दवे ह्यांचा जन्म १९०१ साली येथलाच. गुजराथी विनोदाचे हे शिरोमणी प्रकृतीने अत्यंत कृश होते आणि आपल्या त्या कृश देहालाच त्यांनी विनोदाचा विषय केले. मुंबईत सरकारी भाषांतर खात्यातील रुक्ष नोकरी त्यांनी वर्षानुवर्षे केली. धनसुखलाल मेहता ह्यांच्या समवेत १९३६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘अमे बधां’ ह्या कादंबरीत जुन्या सुरतेचे घरगुती जीवन हसत्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. सुरती माणसाची जीभ खाण्यात जशी रसिक तशी बोलण्यातही मोकळी. ‘स’ चा ‘ह’ करून तो आपल्या गावालाही ‘हुरत’ म्हणतो आणि त्यावर कोणी हसले तर आपणही हसतो. ह्या नगरीने १९९४ ची प्लेगची साथ पाहिली, २००६ साली तापीचा महापूर पाहिला आणि प्रत्येक वेळी पुन्हा दुकाने उघडली. तिच्या ह्या चिवटपणात त्या मोकळ्या जिभेचाही वाटा असावा, असे आम्हांस वाटते.

ह्या तिघा लेखकांत एक साम्य दिसते. त्यांच्या विनोदाचा पहिला बळी ते स्वतः, किंवा त्यांनी ज्याच्या मुखाने बोलावयाचे ठरविले तो त्यांचा नायक आहे. आत्म्याला देहाहून वेगळा जाणणे हा आपल्या अध्यात्माचा पाया. जो मनुष्य संतापाच्या भरात क्षणभर थांबून ‘अरे, हा पाहा कसा लालबुंद झाला आहे!’ असे स्वतःविषयीच म्हणू शकतो, तो त्या क्षणापुरता तरी आपल्या क्रोधाचा साक्षी होतो. ह्याला साक्षात्कार म्हणणे धाडसाचे होईल. परंतु साक्षीभावाच्या पाठशाळेतील तो पहिला धडा आहे एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

कोणी म्हणेल की, ह्या गोष्टी सुखवस्तू लेखकांना शोभतात. ज्याचे सर्वस्व हरपले आहे त्याने कसे हसावे? ह्याचे उत्तर दूर देशीच्या एका मनुष्याने देऊन ठेवले आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर व्हिक्टर फ्रांकल ह्यांना नाझींनी दुसऱ्या महायुद्धात छळछावणीत टाकले. त्यांचे आईवडील, बंधू आणि पत्नी ह्यांचा त्या आगीत अंत झाला. उपाशीपोटी बांधकामावर राबत असता त्यांनी शेजारी राबणाऱ्या एका शस्त्रवैद्य मित्राशी करार केला की, सुटका झाल्यावर घडू शकेल अशी निदान एक गमतीची गोष्ट दोघांनी रोज रचावयाची. कामावरचा मुकादम, वरचा अधिकारी येताना दिसला की मजुरांवर ओरडून घाई करीत असे. फ्रांकल मित्राला म्हणाले की, उद्या तू पुन्हा रुग्णालयात मोठी शस्त्रक्रिया करीत असशील, आणि मोठे सर्जन येत आहेत हे सांगण्यासाठी तुझा शिपाई असाच ओरडत आत धावेल! १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी विनोदाला मनाच्या आत्मरक्षणाचे एक शस्त्र मानले आहे. आपल्या देशात गांधीजींनीही, अंगी विनोदबुद्धी नसती तर आपण केव्हाच जीव दिला असता, अशा आशयाचे लिहून ठेवले आहे. ज्यांच्या शिरावर एवढे ओझे होते त्यांनी हास्याला चैन मानले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

असे असले तरी विनोदाची स्तुती करून लेख संपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही; कारण कामाच्या ठिकाणचे सर्वच हास्य शुभ्र नसते. त्याचे तीन दोष आम्हांस विशेष जाणवतात.

पहिला दोष, खालच्यास हसण्याचा. खानदेशातून नुकताच आलेला मुलगा दुकानात गुजराथी बोलताना अडखळतो आणि सारे दुकान त्याला दिवसभर चिडविते. बोलणाऱ्यांना ती करमणूक वाटते. पण त्या मुलाला रात्री झोप येत नाही. ज्याला उलट हसता येत नाही त्याला हसणे हे मयसभेतील हास्य होय. शेठने स्वतःच्या चुकीवर हसावे, कारागिराच्या चुकीवर नव्हे. मुकादमाने आपल्या टकलावर विनोद करावा, मजुराच्या जातीवर, गावावर, भाषेवर किंवा देहव्यंगावर कदापि करू नये. स्त्रियांना उद्देशून केलेल्या ज्या थट्टेने त्यांची मान खाली जाते तिला विनोद हे नाव देणे हाच अपराध आहे.

दुसरा दोष, अन्याय हसण्यावारी नेण्याचा. यंत्राचे संरक्षक झाकण मोडले आहे, मजुरी महिनोन्महिने थकली आहे, पाळीवर पाळी लादली जात आहे, आणि आम्ही मात्र त्यावर कोट्या करून दिवस ढकलीत आहोत, असे होत असेल तर तो विनोद अफूसारखा होय. जो ताण मनाच्या दुर्बलतेमुळे वाढतो त्याला हास्य औषध आहे. जो दुसऱ्याच्या लोभामुळे वाढतो त्याला न्याय हेच औषध. अशा वेळी मनुष्याने आधी हसून मन स्थिर करावे, आणि मग स्थिर मनाने, सौम्य पण स्पष्ट शब्दांत, जेथे बोलावयाचे तेथे बोलावे. भगवंतांच्या हास्यानंतर गीता आली हे विसरू नये.

तिसरा दोष सर्वांत सूक्ष्म आणि सर्वांत घातक. तो म्हणजे हास्याचा मुखवटा करण्याचा. २००८ सालच्या अखेरीस जगभर मंदी आली तेव्हा सुरतेतील हिऱ्याचे कारखाने एकामागून एक बंद पडू लागले. एरवी दिवाळीची सुटी संपण्याचे मुलांना दुःख असते. त्या वर्षी सुटी संपेना ह्याचे दुःख बापाला होते. कित्येक रत्नकलाकार बेकार झाले आणि काहींनी निराशेच्या भरात आपला जीवही संपविला. नंतरच्या मंदीतही अशा वार्ता ह्या नगरीला ऐकाव्या लागल्या आहेत. ज्यांच्या बाबतीत असे घडते, त्यांतील एखादा घंटीभोवती सर्वांना हसविणाराही असू शकतो. आणि हसविणाऱ्याची विचारपूस कोणी करीत नाही. आमची सर्व सभासद कुटुंबांना कळकळीची विनंती आहे की, जो नेहमी हसतो त्यालाही अधूनमधून एकांतात गाठून ‘खरे सांग, कसे चालले आहे?’ असे विचारावे. विनोद करता करता कोणी वारंवार स्वतःच्या मरणाविषयी बोलू लागला, किंवा नेहमीचा हसरा मनुष्य अचानक अबोल झाला, तर ती थट्टेची वेळ नव्हे. त्याच्याजवळ बसावे, त्याला एकटे सोडू नये, वैद्यांकडे नेण्यास लाजू नये आणि देण्याघेण्याची अडचण असेल तर चार माणसांनी मिळून ती वाटून घ्यावी. मंदिर हे अशा वेळी उपयोगी पडले नाही तर मग ते कशासाठी?

आता घराविषयी दोन शब्द. बाहेर मित्रांत हसून खेळून असणारे कित्येक गृहस्थ घराचा उंबरठा ओलांडताच कपाळाला आठ्या घालतात. दुकानात जे शब्द शेठला बोलता आले नाहीत ते घरी पत्नीला ऐकावे लागतात; मुले बापाच्या चपलांचा आवाज ओळखून दूरचित्रवाणी बंद करतात. दिवसातील उत्तम हास्य परक्यांना आणि उरलेला संताप आपल्या माणसांना, ही वाटणी न्यायाची नव्हे. रात्रीच्या पंगतीत प्रत्येकाने आपल्या दिवसातील एक तरी फजिती सांगावी, आणि ती आधी वडिलांनी सांगावी, असा प्रघात घरोघर पडेल तर फार चांगले होईल. बापालाही साहेब रागावतो, बापाचाही हिशेब चुकतो, आणि तरीही बाप हसत हसत भाकरी मोडतो, हे ज्या मुलाने पाहिले त्याला पुढे आयुष्यात अपयशाचे भय वाटणार नाही. लेखाच्या आरंभी ज्या मुलाचा उल्लेख केला त्याला समर्थांचे वचन अवश्य सांगावे. पण त्याची गोष्ट पुरती ऐकून घेतल्यावर, आणि त्याच्याबरोबर थोडे हसून झाल्यावर सांगावे.

हे सर्व करण्यास पैसा लागत नाही, परंतु अभ्यास मात्र लागतो. क्रोध आपोआप येतो. प्रसन्नता आणावी लागते. गीतेने मनाच्या प्रसन्नतेची गणना मानसिक तपात केली आहे. उपवास करणे, पहाटे उठणे ह्यांना आपण तप म्हणतो. तर मग आठ-दहा तासांच्या कष्टानंतर, कोणाचे मन न दुखविता आणि कोणताही अन्याय न झाकता, चेहऱ्यावर निर्मळ स्मित राखणे हेही तपच नव्हे काय? ते साधले की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. आपल्या विनोदानंतर शेजाऱ्याचा हात कामाला अधिक उत्साहाने लागला, आणि आपल्या मनात कोणाविषयी कडूपणा उरला नाही, म्हणजे ते हास्य भरतमुनींच्या वरच्या पायरीवरचे समजावे.

हास्याची देवता प्रमथ, आणि त्या प्रमथगणांचा अधिपती आपला श्रीगजानन. त्याच्या मूर्तीपुढे उभे राहिल्यावर भय वाटत नाही. लहान मूलही त्याच्याकडे पाहून हसते. तो विघ्नहर्ता आपल्या समाजातील प्रत्येक राबत्या हाताला बळ, प्रत्येक थकल्या मनाला विसावा आणि प्रत्येक मुखाला कोणासही न बोचणारे हसू देवो, ही त्याच्या चरणी प्रार्थना. इत्यलम्.